संवेदन : पान क्रमांक कोरा

सर,

चिडून लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते. कॉलेजात तुमची शोकसभा झाली, तेव्हा प्राचार्य म्हणाले, आपटेबाई, तुम्ही दोन शब्द बोला. मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा काही बसला नव्हता. पण उभं राहून 'वानखडे सर अतिशय मनमिळाऊ होते' असं मी म्हणणार नव्हते, आणि मला जे म्हणायचं होतं ते सभेत म्हणण्यासारखं नव्हतं. बाकीच्यांनी तुम्हाला मनमिळाऊ करून टाकलं. ज्या माणसाने एका शब्दावरून माझ्याशी अकरा वर्षं भांडण चालवलं, तो म्हणे मनमिळाऊ. तुम्ही तिथे असतात तर मागच्या रांगेतून नक्की खाकरला असतात.

आपला विभाग म्हणजे तुम्ही, मी आणि एक लोखंडी कपाट. कर्वेनगरातल्या त्या कॉलेजात आपण मानसशास्त्र शिकवायचो, आणि बाहेर सगळं पुणं कॉम्प्युटरच्या क्लासला चाललं होतं. आपल्याकडे येणारी निम्मी मुलं दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून येत. एका जूनमध्ये कलाशाखेची एक तुकडी बंद झाली आणि त्या वर्गात कॉम्प्युटर लॅब आली. लॅबला एसी बसला. आपल्या खोलीतला पंखा मात्र खडखडतच राहिला. मी दिवसभर धुमसत होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "यंत्रायले गरमी सहन होत नाही बाई. माणसं करतात सहन." वर्गात तुम्ही अगदी पुस्तकी मराठी बोलायचात. भांडायचं किंवा चिडवायचं असलं की मात्र अमरावती बाहेर यायची.

त्याच वर्षी पुस्तकाचं ठरलं. अकरावीच्या मुलाला एकट्याने वाचून कळेल असं, मानसशास्त्राची पहिली ओळख करून देणारं मराठी पुस्तक. प्रकरणं वाटून घेतली. तिसरं तुमच्याकडे, चौथं माझ्याकडे. तिसऱ्यात डोळा, कान, नाक, त्वचा यांच्यावर जे येऊन आदळतं ते. चौथ्यात त्या आदळण्याचा मेंदू जो अर्थ लावतो ते. मी मुलांना नेहमी कुकरचं उदाहरण द्यायची. शिट्टी कानावर पडली, ही पहिली पायरी. 'तिसरी झाली, गॅस बंद कर' हे कळलं, ही दुसरी. इथपर्यंत आपलं छान जुळलं होतं.

मंडईतला तो दिवस आठवतो ना? मुलांना जोड्या करून नेलं होतंत. एकाच्या डोळ्यांवर रुमाल, दुसऱ्याने हात धरायचा, आणि नुसत्या वासाने भाजी ओळखायची. एक भाजीवाली बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "डोळं झाकून भाजी घेताय व्हय? मग रोजच या की." तुम्ही तिच्याकडून मेथीची जुडी घेतलीत, एका मुलीच्या नाकाशी धरलीत आणि विचारलंत, आधी वास आला की आधी मेथी आली? ती मुलगी चक्क विचारात पडली. असा तास मला आयुष्यात घेता आला नाही, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही आठवडाभर मिरवलं असतंत.

मग पुस्तक छापून आलं. अनुक्रमणिका उघडली तर तिसरं प्रकरण संवेदन आणि चौथं प्रकरणही संवेदन. आपण एकमेकांची प्रकरणं वाचलीच नव्हती. दोघांचाही एकमेकांवर फार विश्वास. तुम्ही पहिल्या पायरीला संवेदन म्हणत होतात आणि दुसरीला अवबोध. मी पहिलीला वेदन म्हणत होते आणि दुसरीला संवेदन. मुलांनी तोडगा काढला. परीक्षेत एकाने लिहिलं, 'वानखडे सरांच्या संवेदनानंतर बाईंचे संवेदन सुरू होते.' त्याला गुण किती द्यायचे यावरूनही आपलं वाजलं.

तुमचं म्हणणं एका वाक्याचं. "पोट्ट्यायले वेदन म्हणलं का दुखणंच आठवते, बाई." माझं म्हणणं असं, की सं म्हणजे एकत्र. एकत्र आणून अर्थ लावायचं काम दुसऱ्या पायरीवर होतं, तर हा शब्द तिथलाच. शिवाय मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांनी असंच शिकवलं होतं. तुम्ही म्हणायचात, शिकवलं असंन, पण बरोबर होतं का? मी म्हणायची, तुम्हाला सोपं हवंय की बरोबर हवंय? स्टाफरूममध्ये चहा गार व्हायचा, इतिहासवाल्या मॅडम वही उचलून दुसरीकडे जाऊन बसायच्या. खरं सांगू, मला त्या भांडणाची सवय झाली होती. सोमवारी सकाळी नवा मुद्दा घेऊन यायला आवडायचं.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मात्र तुम्ही मर्यादा सोडलीत. हे मी आजही म्हणते. मी लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेले होते. मजकूर अंतिम करायचा होता. तुम्ही नारायण पेठेत शुभांगीच्या डीटीपी केंद्रावर गेलात, तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलात आणि सांगितलंत, बाईंच्या प्रकरणात जिथे संवेदन आहे तिथे अवबोध कर, आणि मग सगळीकडे वेदनचं संवेदन कर. तिने एक बटण दाबलं, काम फत्ते. तुमच्या प्रकरणात आधीच असलेल्या संवेदनांची संसंवेदनं झाली, ती तिला दिसली आणि तिने दुरुस्त केली. दाढदुखीच्या वेदनांच्या संवेदना झाल्या, त्याही तिने धरल्या. पण पहिलं पान कोण वाचतं? तिथे होतं 'लेखकांचे निवेदन'. त्यातलाही वेदन यंत्राने इमानदारीत बदलला.

मला कळलं कुठे, तर उत्तरपत्रिका तपासणीला. चाळीसेक प्राध्यापक बसलेले. नमुना प्रती कॉलेजांना गेल्या होत्या, त्यातली एक एका बाईंच्या पिशवीत होती. त्यांनी चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचलं, "लेखकांचे निसंवेदन." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वा. प्रामाणिक आहात हो दोघं." सगळं टेबल हसलं. मीही हसले, दुसरं काय करणार. उरलेले पेपर कसे तपासले ते त्या मुलांचं नशीब.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला गाठलं. म्हटलं, माझ्या प्रकरणाला हात लावलातच कसा? तुम्ही म्हणालात, "पुस्तक दोघायचं आहे न बाई. चूक झाली, दुरुस्त करू." तुम्ही खरंच ओशाळला होतात, चेहऱ्यावर दिसत होतं. तिथे मी थांबायला हवं होतं. मी म्हणाले, "आधी मराठी नीट शिका, मग परिभाषा करायला बसा."

तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं, मॅडम." इतकी वर्षं मी बाई होते. त्या दिवसापासून मॅडम झाले. आणि माझ्यासमोर तुम्ही अमरावतीचं एक अक्षर काढलं नाहीत. 'आपण', 'कृपया', 'उपस्थितिपत्रक'. मला वाटायचं, आता तरी चिडाल, 'का' सोडून 'काऊन' म्हणाल. म्हणाला नाहीत. पुण्याच्या माणसांना असं बोलणं सहज येतं, सर. तोंडातून निघून जातं आणि वर आपल्याला वाटतं की आपण स्पष्टवक्ते.

प्रकाशकांनी आवृत्ती अडवली. तुमचं दोघांचं एक होऊ द्या, मग छापतो, असं सांगून ज्याचं त्याला मूळ प्रकरण दुरुस्तीसाठी परत दिलं. आठ महिने ते कागद तुमच्या घरी आणि माझ्या घरी पडून राहिले. मुलं जुनं पुस्तक झेरॉक्स करून वाचत होती. कॉलेजात आपण शेजारच्या खुर्च्यांवर बसत होतो आणि सुट्टीच्या यादीपलीकडे बोलत नव्हतो.

आता तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट सांगते. दिवाळीनंतर शिवणे गावाच्या बाजूची एक मुलगी तासानंतर माझ्याकडे आली. घरची शेती होती, आता तिथे इमारती झाल्यात, ती पहिल्या बाकावर बसते. म्हणाली, "मॅडम, त्यात दुखत कायच नाय, तर वेदन का म्हणायचं?" मी सं म्हणजे एकत्र वगैरे सुरू केलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते खरंय मॅडम, पण वाचताना दुखतंच ना." मी घरी आले, कागद काढले आणि माझ्या प्रकरणात सगळीकडे संवेदन खोडून अवबोध केलं. वेदनचं संवेदन केलं. तुमची परिभाषा, जशीच्या तशी. दोन दिवस लागले. आणि मग ते बाड कपाटात ठेवून दिलं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण आधी तुम्ही फोन करायला हवा होता. का, ते विचारू नका.

आणि तुम्ही केलात. तुम्ही जाण्याच्या आठ-दहा दिवस आधी, दुपारी अडीच वाजता. फोनशेजारच्या कॉलर आयडीच्या डबीत नंबर उमटला, खडकीचा, तुमचा. मी नुकतीच आडवी झाले होते. मनात आलं, इतकी वर्षं पुण्यात काढून दुपारी फोन करू नये एवढं कळू नये माणसाला? घंटा वाजतच राहिली. मी उठून वायर काढून ठेवली. घंटा थांबली आणि मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी आडवं होण्याआधीच वायर काढली. तिसऱ्या दिवशीही काढली. नंतर तुम्ही पुन्हा केलात का, ते मला कधीच कळणार नाही.

यालाच ऋण प्रबलन म्हणतात. वीस वर्षं फळ्यावर लिहिलं मी. मुलांना वाटतं ऋण म्हणजे शिक्षा. तसं नाही, बाळांनो. त्रास देणारी गोष्ट एखाद्या कृतीने थांबली, की ती कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटते. पुस्तकात आपण उदाहरण दिलं होतं, आईची कटकट थांबावी म्हणून मुलगा हातात पुस्तक धरून बसतो. तुम्ही तेव्हा समासात लिहिलं होतंत, 'तो पुस्तक धरायलेच शिकन, अभ्यास नाही.' मी हसले होते. मी नेमकं तेच शिकले, सर. फोन बंद करायला शिकले.

तुम्ही असे अचानक जाल हे माझ्या डोक्यात कुठे असणार. छातीत दुखतं हे तुम्ही वहिनींनाही सांगितलं नव्हतंत म्हणे. दुखण्याचा शब्द मुलांना टोचू नये म्हणून अकरा वर्षं वाद घालणारा माणूस, आणि स्वतःचं दुखणं गिळून बसला. मला याचाही राग आहे. कुणावर काढू, ते सांगा.

बारा दिवस झाल्यावर वहिनींचा फोन आला. "बाई, पुस्तकाचे काही कागदं आहेत. तुमच्या कामाचे असतीन." मी खडकीला गेले. दारूगोळा कारखान्यातल्या त्यांच्या नोकरीमुळे मिळालेलं ते क्वार्टर, बाहेर तुमची स्कूटर, तिच्यावर प्लास्टिक घातलेलं. वहिनींनी चहा केला आणि बाड माझ्या मांडीवर ठेवलं. मी तुमचं तिसरं प्रकरण उघडलं. तुम्ही शीर्षकातला सं खोडला होतात. पुढे सगळीकडे खोडला होतात. वेदन, वेदन, वेदन. तुमची परिभाषा टाकून माझी घेतली होतीत, जशीच्या तशी.

मला आधी काय वाटलं सांगू? आनंद नाही झाला. वाटलं, हे पटून केलेलं नाही. माझ्या त्या वाक्याने केलंय. एखाद्याला म्हणावं मराठी शिक, आणि त्याने मुकाट्याने वही पुढे करावी, तसं. तुम्ही हरून गेला असाल तर मला ते बाड नको होतं.

पान उलटलं. समासात तुमचं बारीक अक्षर. 'बाईचं बरोबर आहे. सं म्हणजे एकत्र. पहिल्या पायरीवर एकत्र काहीच येत नाही, नुसतं आदळते. पोट्टे दुखणं समजतीन, तर समजू दे. वर्गात समजावून सांगू. त्याचेच पगार भेटतात.' मी ते तीनदा वाचलं. वहिनी समोर बसून चहाचा कप फिरवत होत्या. मी विचारलं, सरांनी मला फोन केला होता का हो मधे? त्या म्हणाल्या, "केला न. मी म्हणलं, दुपारचं काऊन करता, पुण्याची माणसं झोपतात. तर म्हणे, म्हणूनच करतो. झोपेतून उठल्या का बाई खऱ्या भांडतात. लय दिवस झाले म्हणे, खरं भांडल्या नाहीत."

बाई म्हणालात. मॅडम नाही. मी वहिनींसमोर रडले, आणि त्यांनी मला धीर दिला. उलटं व्हायला हवं होतं. नवरा त्यांचा गेला होता.

घरी येऊन दोन्ही बाडं शेजारी ठेवली. दोन शहाण्यांनी आठ महिने अबोला धरून काय साधलं, तर पुस्तक पुन्हा उलटंसुलटं. तुम्ही माझे शब्द घेतलेले, मी तुमचे. एक फोन, सर. एका फोनचं काम होतं. प्रकाशक म्हणाले, आता तुम्ही एकट्याच आहात, तुमचंच कायम करा. मी म्हटलं, तुम्ही छापायचं बघा. सरांनी खोडलेला सं मी परत लिहिणार नाही आणि मी खोडलेलं संवेदनही परत लिहिणार नाही. तेव्हा पहिली पायरी वेदन, दुसरी अवबोध. तुमच्या प्रकरणात दुसऱ्या पायरीचे आणि माझ्या प्रकरणात पहिलीचे जे उल्लेख संवेदन म्हणून उरले होते, ते मी पेन्सिल घेऊन एकेक जुळवले. यंत्राला काही सांगितलं नाही. ऋण प्रबलनाचं उदाहरण बदललं. आता तिथे एक बाई दुपारी फोनची वायर काढते. आणि पहिल्या पानावरच्या निवेदनात शेवटी एक वाक्य घातलं : 'या पुस्तकातलं मराठी मी वानखडे सरांकडून शिकले.' हे मला तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं. छापून म्हणते आहे, आणि तुम्ही वाचणार नाही.

परवा शुभांगीचा फोन आला. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहे, तिचे पान क्रमांक ती भरत होती. म्हणाली, "मॅडम, सूचीत संवेदन आहे. पुढे कुठलं पान टाकू? सगळं पुस्तक शोधलं, शब्द कुठेच नाहीये. काढून टाकू का?"

मी खुर्चीत बसले. ज्या शब्दासाठी अकरा वर्षं घालवली, तो दोघांनी एकमेकांच्या नकळत एकमेकांना देऊन टाकला होता, आणि पुस्तकात तो उरलाच नव्हता.

"काढू नकोस," मी म्हटलं. "पान क्रमांक कोरा ठेव. तिथे लिही : पाहा, वेदन आणि अवबोध."

ती थोडा वेळ टाइप करत होती. मग म्हणाली, "पण मॅडम, शब्द आहे आणि पान नाही, असं एकच दिसतंय. लोकांना चूक वाटेल हो."

"वाटू दे," मी म्हटलं. "चूक काढायला कुणाचा फोन आला तर त्याला माझा नंबर दे. दुपारी केला तरी चालेल म्हणावं."